बडोद्याची कमाटीबाग आणि मधून वाहणारी विश्वामित्री

कागदोपत्री नाव सयाजीबाग, पण बडोदेकरांच्या तोंडी ती कमाटीबागच. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात, १८७९ साली ही बाग तयार झाली. शंभर एकरांहून मोठ्या या बागेच्या मधून विश्वामित्री नदी वाहते. जवळच्या काळा घोडा चौकात महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. चौकाचं नाव त्या घोड्यावरूनच पडलं.

सकाळी बाग फिरायला येणाऱ्यांची असते, सुट्टीच्या दिवशी पोराबाळांची. प्राणिसंग्रहालय, तारांगण, फुलांचं घड्याळ, मुलांची छोटी रेल्वे असं सगळं एकाच आवारात आहे. घड्याळाची यंत्रं जमिनीखाली असल्याने वर फक्त फुलं आणि काटे दिसतात.

तरी निवांत वेळ द्यावा तो संग्रहालयाला. वास्तुविशारद चिझम यांच्या देखरेखीखाली ही इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. चित्रदालनाची इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पण युरोपातली चित्रं पहिल्या महायुद्धामुळे अडकून पडली आणि दालन १९२१ मध्ये उघडलं. मुलं मात्र चित्रांपेक्षा इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा बघायला धावतात. हा मासा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी आला होता.

पण बागेची खरी काळजी नदीचीच आहे. विश्वामित्री पावागडाकडून येते आणि आजवा तलावाचं जादा पाणीही तिच्यातच उतरतं. काळा घोडा पुलाजवळ २६ फुटांना धोक्याची पातळी मानतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं आणि शहराचा मोठा भाग बुडाला. नदीत मगरी आहेत, त्यामुळे पुराच्या वेळी त्या वस्तीत शिरतात, हे बडोद्यात नवीन नाही. नदीकाठची अशी मोकळी माती पाणी पसरू देते, थोडं जिरवतेही. काँक्रीटला ते जमत नाही. म्हणून बागेत नवी बांधकामं करताना फक्त करमणुकीचा हिशेब धरणं महागात पडेल.

बागेत शिरायला पैसे लागत नाहीत. प्राणिसंग्रहालय आणि म्युझियमचं तिकीट वेगळं. पावसाळ्यात बेळगाव-इंदूरकडचे पाहुणे यायचे असतील, तर निघण्याआधी विश्वामित्रीची पातळी तेवढी विचारून घ्यावी.