दिव्याखाली अंधार : ‘सेकंड लाइफ’ आणि लिनक्सची प्रतीक्षा

१/ सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीने २३ जून २००३ रोजी ‘सेकंड लाइफ’ हे आभासी विश्व लोकांसाठी खुले केले. त्या विश्वाची जमीन ज्या संगणकांवर उभी होती, ते लिनक्सवर चालत. घरी लिनक्स वापरणाऱ्या माणसाला मात्र तिथे पाऊल ठेवता येत नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तो सरण्याची वाट पाहणाऱ्यांची ही कथा. (थ्रेड)

२/ फिलिप रोझडेल यांनी १९९९ मध्ये लिंडेन लॅब स्थापन केली. त्यांच्या विश्वात मारायला राक्षस नव्हते आणि जिंकायला पातळ्याही नव्हत्या. होती ती मोकळी जमीन. घरे, कपडे, वाहने सारे काही रहिवाशांनीच घडवायचे. नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीने जाहीर केले, की या निर्मितीचे बौद्धिक हक्क निर्मात्याकडेच राहतील. त्या काळच्या ऑनलाइन खेळांत ही गोष्ट अपूर्व होती.

३/ तिथले चलन लिंडेन डॉलर. ते खऱ्या डॉलरमध्ये बदलून मिळे. मे २००६ मध्ये ‘बिझनेसवीक’च्या मुखपृष्ठावर अ‍ॅन्शी चुंग झळकली. ती होती या विश्वात जमिनीचा व्यापार करणाऱ्या एका महिलेची आभासी प्रतिमा. म्हणजे प्रवेश नाकारला जाणे ही केवळ करमणुकीची हानी नव्हती. एका नव्या बाजारपेठेचे दारच बंद राहत होते.

४/ या विश्वाचे दोन भाग होते. जमीन २५६ मीटर लांब व तितक्याच रुंद चौकोनांत विभागलेली असे. कोण कुठे उभे आहे, काय कशावर आदळले, याचा हिशेब कंपनीचे सर्व्हर ठेवत. घरच्या संगणकावरील ‘व्ह्यूअर’ ही आज्ञावली तो हिशेब मागवून डोळ्यांसमोर दृश्य रेखाटे. सर्व्हरवर होती डेबियन, म्हणजे जगभरच्या स्वयंसेवकांनी घडवलेली लिनक्सची एक शाखा. पाया त्यांच्या श्रमांचा. पण दरवाजा प्रथम विंडोजला उघडला, मग मॅकला.

५/ यामागे वैर नव्हते, साधे गणित होते. घरी लिनक्स वापरणारे मूठभर. त्यांच्या शाखा अनेक, आणि ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर बेभरवशाचे. तरीही आशेला जागा होती. व्ह्यूअर दृश्य रेखाटण्यासाठी ओपनजीएल वापरत असे, आणि ते कोणत्याही एका प्रणालीला बांधलेले नव्हते. भिंतीत दार पाडणे कष्टाचे होते, पण अशक्य नव्हते.

६/ वाट पाहणाऱ्यांपैकी कोणी संगणकाचा एक कोपरा विंडोजसाठी राखून ठेवी, तर कोणी ‘वाइन’च्या आधारे विंडोजची आज्ञावली लिनक्सवर चालवून पाही. अनेकांसाठी प्रश्न सोयीपेक्षा तत्त्वाचा होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून या परंपरेचे म्हणणे एकच होते : वापरणाऱ्याला आज्ञावली वाचण्याचा व बदलण्याचा अधिकार हवा.

७/ अखेर लिनक्ससाठी ‘अल्फा’, म्हणजे कच्ची चाचणी-आवृत्ती आली. २००६ मध्ये ती लोकांच्या हाती होती. दार किलकिले झाले, पण उसन्या भागांपाशी घोडे अडले. त्या विश्वातील चित्रफिती दाखवण्याचे काम अ‍ॅपलच्या क्विकटाइमकडे होते, आणि क्विकटाइम लिनक्ससाठी कधी निघालेच नाही. पुढे ही जागा जीस्ट्रीमर या मुक्त साधनाने भरून काढली.

८/ त्याच वर्षी काही प्रोग्रॅमरांनी व्ह्यूअर आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण अभ्यासून ‘लिबसेकंडलाइफ’ हा मुक्त प्रकल्प उभारला. त्यातूनच ‘कॉपीबॉट’ निघाला. दुसऱ्याच्या वस्तूची हुबेहूब नक्कल करणारे हे साधन नोव्हेंबर २००६ मध्ये पसरले, तेव्हा अनेक दुकानदारांनी निषेधार्थ दुकाने बंद ठेवली. निर्मात्यांचा हक्क आणि वापरणाऱ्यांचे स्वातंत्र्य प्रथमच समोरासमोर उभे ठाकले. लिंडेन लॅबने अशा नकलेला नियमभंग ठरवले.

९/ या वादळानंतर कंपनी दारे अधिक घट्ट लावून घेईल, असे वाटणे स्वाभाविक होते. घडले उलटेच. ८ जानेवारी २००७ रोजी तिने व्ह्यूअरचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली खुला केला. सर्व्हरचा कोड मात्र बंदच राहिला. चित्रे उलगडणारे काकाडू आणि ध्वनी देणारे एफमॉड हे भाग इतरांच्या मालकीचे असल्याने खुले करता आले नाहीत. त्यांच्या जागी ओपनजेपेग व ओपनएएल ही मुक्त साधने बसवण्याची वाट आता कोणालाही मोकळी होती.

१०/ त्याच जानेवारीत ‘ओपनसिम्युलेटर’ हा प्रकल्प सुरू झाला आणि तसाच सर्व्हर स्वतः उभारण्याचा मार्ग खुला झाला. जुलै २००८ मध्ये आयबीएम आणि लिंडेन लॅब यांनी आभासी प्रतिमा ‘सेकंड लाइफ’मधून ओपनसिम्युलेटरवरील दुसऱ्या विश्वात पाठवून दाखवल्या.

११/ या निर्णयाची खरी कसोटी पुढच्या दशकात लागली. कंपनीची अधिकृत लिनक्स आवृत्ती हळूहळू मागे पडली. जुने गणित पुन्हा डोके वर काढत होते. तरीही लिनक्सवाले वेशीबाहेर गेले नाहीत, कारण खुल्या झालेल्या कोडवर स्वयंसेवकांनी ‘फायरस्टॉर्म’ हा व्ह्यूअर उभा केला होता आणि त्याची लिनक्स आवृत्ती ते चालवत होते.

१२/ वाट पाहणाऱ्यांनी मागितली होती एक आवृत्ती. २००६ मध्ये मिळाली ती कंपनीची मेहेरबानी होती, आणि मेहेरबानी परत घेता येते. २००७ च्या परवान्याने दिला तो अधिकार. कंपनीचे लक्ष दुसरीकडे वळल्यावरही तो टिकला. त्या दीर्घ प्रतीक्षेचे खरे फलित हेच.