एक गटार, एक तळं आणि आत्याची नदी

मागच्या शनिवारी बऱ्याच दिवसांनी आत्याकडे गेलो होतो, वडगाव रासाईला. शिरूर तालुक्यात भीमेच्या काठावर हे गाव आहे. नदीपलीकडे दौंड तालुका. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं इथे दिवस दिवस पाण्यात असायचो. त्याच आठवणीत पँट दुमडून नदीकडे निघालो, तर आत्या मागून ओरडली, "आरं, कुठं उतरतोय? अंगाला खाज सुटंल. पुण्याचं पाणी हाय ते."

मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, "पुण्याच्या लोकांना काही शिस्तच नाही गं आत्या."

"मंग तू कुठं राहतो?"

झालं! बोलती बंद.

भूगोल साधा आहे. मुळा-मुठा पुण्यातून बाहेर पडते आणि रांजणगाव सांडसच्या बाजूला भीमेला मिळते. तिथून खाली भीमा आत्याच्या गावावरून दौंडकडे आणि पुढे उजनीत. म्हणजे माझ्या फ्लॅटमध्ये मी फ्लशचं बटण दाबलं की माझ्या दृष्टीनं विषय संपतो, पण आत्याच्या दृष्टीनं तिथे सुरू होतो. तिच्या घरी आता प्यायला जार येतो. नदी शंभर पावलांवर, आणि पाणी विकत!

रात्री झोप येईना, म्हणून मोबाईलवर वाचत पडलो. डोक्यात एकच प्रश्न होता. पाणी काही हद्द मानत नाही, माणसं मानतात. मग जिथे माणसांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, तिथे पाण्याचं आणि गटाराचं काम चालतं तरी कसं? वाचता वाचता दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या. एक सातासमुद्रापलीकडची, दुसरी आपल्या महाडची.

आधी पलीकडची सांगतो.

सायप्रस बेटाची राजधानी निकोसिया. डिसेंबर १९६३ मध्ये तिथे ग्रीक सायप्रियट आणि तुर्की सायप्रियट लोकांमध्ये दंगली पेटल्या. एका ब्रिटिश जनरलनं नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं शहरातून रेघ ओढली. तीच 'ग्रीन लाईन'. पुढे १९७४ च्या जुलैमध्ये आधी ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्यानं सत्तापालट झाला, मग तुर्कस्तानचं सैन्य बेटावर उतरलं, आणि शहराचे सरळ दोन तुकडे झाले. मध्ये काटेरी तारा, वाळूची पोती आणि संयुक्त राष्ट्रांचे सैनिक.

गंमत (खरं तर पंचाईत) अशी, की त्या वेळी शहराच्या भुयारी गटाराचं काम अर्धवट झालं होतं. जागतिक बँकेचं कर्ज घेऊन पाईप टाकलेले होते, पण फाळणीनंतर शुद्धीकरण केंद्राची जागा गेली उत्तरेला, म्हणजे तुर्की बाजूला. दक्षिणेकडे पाईप आहेत पण मैला न्यायचा कुठे ते नाही. उत्तरेकडे जागा आहे पण पुरते पाईप नाहीत. आणि जमिनीचा उतार काही कुणाच्या सैन्याला विचारून ठरलेला नव्हता.

ग्रीक बाजूचे महापौर होते लेलॉस दिमित्रियाडिस. तुर्की बाजूला मुस्तफा अकिंजी, १९७६ मध्ये निवडून आले तेव्हा वय अवघं अठ्ठावीस! (आपण अठ्ठावीसाव्या वर्षी अप्रेझलमध्ये मॅनेजरशी भांडत होतो.) अडचण ही, की दक्षिणेच्या लेखी उत्तरेचं सरकारच बेकायदा. मग तिथल्या महापौराला महापौर म्हणायचं कसं? सहीखाली हुद्दा काय लिहायचा? आपल्याकडे एवढ्या एका मुद्द्यावर दहा वर्षं सहज निघाली असती. त्या दोघांनी हुद्द्याचा घोळ बाजूला ठेवला आणि १९७८ मध्ये गटारापुरतं जुळवून घेतलं. १९८० मध्ये एकच गटार दोन्ही बाजूंसाठी चालू झालं. त्याच बैठकांमधून पुढे सगळ्या शहराचा एकत्र आराखडा करायचं कामही सुरू झालं.

सर्वसामान्य माणसांसाठी ती सीमा उघडली एप्रिल २००३ मध्ये. म्हणजे शहराचा मैला तेवीस वर्षं आधीपासून सीमा ओलांडत होता आणि माणसं तारेच्या दोन्ही बाजूंना उभी होती! राजकीय तोडगा आजही निघालेला नाही. गटार मात्र चालू आहे.

हे वाचून मी खूश झालो. म्हटलं, बघा, इंजिनिअरिंग जिंकलं. राजकारण्यांना बाजूला करा, तांत्रिक माणसांना बसवा, सगळं होतं. आपल्या फील्डमधल्या लोकांचा हा लाडका सिद्धांत. मग महाड आठवलं, आणि खुशी उतरली.

चवदार तळ्याची गोष्ट आपण शाळेत चार ओळींत शिकतो. तारखा लावून पाहिली की ती वेगळी दिसते.

४ ऑगस्ट १९२३. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर होतो. सरकारी पैशानं बांधलेले किंवा सरकारनं नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाडची नगरपालिका त्याप्रमाणे तळं खुलं असल्याचा ठराव करते. आपल्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट मंजूर, साईन-ऑफ झाला, काम क्लोज्ड.

आणि प्रॉडक्शनमध्ये? शून्य. तीन वर्षं एकही अस्पृश्य माणूस त्या तळ्यावर पाणी भरू शकला नाही. इतर धर्माचे लोक पाणी नेत होते, गुरंढोरंसुद्धा पीत होती. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली, तेव्हा जमलेल्या लोकांना प्यायला पाणी विकत घ्यावं लागलं. गावात तळं असताना!

२० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि परिषदेचे लोक शांतपणे चालत गेले आणि तळ्याचं पाणी प्याले. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस त्यांच्या बाजूचे होते, हे लक्षात घ्या. म्हणजे ठराव होता, अध्यक्ष अनुकूल होता, कायदा बाजूनं होता. तरी 'आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या. मग शेण, गोमूत्र, दूध, दही घालून, एकशेआठ घागरी पाणी काढून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होत असताना, नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये काही सवर्णांनी दावा लावून कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्या महिन्यातल्या दुसऱ्या परिषदेला कुणी जागा देईना, ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थानं.

खटला महाडच्या कोर्टातून ठाण्याला आणि तिथून मुंबई हायकोर्टात गेला. निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. तळं नगरपालिकेचं आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी काळापासूनची रूढी फिर्यादींना सिद्ध करता आलेली नाही. पहिल्या ठरावापासून तेरा वर्षं लागली, घोटभर पाण्याला!

आता सांगा. निकोसियात मधे सैन्य उभं होतं, कायदा नव्हता, एकमेकांना मान्यतासुद्धा नव्हती, तरी दोन वर्षांत गटार चालू. महाडला सैन्य नाही, तार नाही, कागद सगळे जागेवर, तरी तेरा वर्षं. असं का?

मला जे वाटतं ते असं. निकोसियात गटार अडलं तर त्रास दोघांनाही होता. एकाचा पैसा जमिनीखाली अडकलेला, दुसऱ्याच्या अर्ध्या शहराला गटार नाही, आणि घाण सगळ्यांच्याच पायाखाली मुरणार. म्हणून दोन हुशार माणसं पुरली. महाडला तळं बंद राहिल्यानं तळ्याकाठच्या घरांना कसलाच त्रास नव्हता, त्यांना पाणी मिळतच होतं. त्रास फक्त एकाच बाजूला होता, आणि ती बाजू शतकानुशतकं खाली दाबलेली. तिथे बैठक बोलवून भागत नाही. तिथे लोकांना चालत जावं लागतं, मार खावा लागतो आणि दहा वर्षं कोर्टात उभं राहावं लागतं. म्हणजे अवघड काम पाईप टाकण्याचं नसतंच. ज्याचं काहीच अडलेलं नाही त्याला हलवणं, हे अवघड.

हे लिहितानाच मला माझा फ्लश आठवला.

जातीच्या अन्यायाची आणि नदीच्या प्रदूषणाची बरोबरी मी करत नाहीये, कुणी तसा अर्थ काढू नका. पण 'ज्याचं काही अडत नाही तो हलत नाही' हा भाग तोच आहे. जलप्रदूषणाचा कायदा आपल्याकडे १९७४ मध्येच आला, म्हणजे निकोसियाचे तुकडे झाले त्याच वर्षी. पुण्यातल्या मुळा-मुठेसाठी जपानच्या जायका संस्थेशी कर्जाचा करार झाला २०१६ मध्ये, अकरा नवी शुद्धीकरण केंद्रं बांधायची म्हणून. प्रत्यक्ष काम सुरू व्हायलाच पुढे कित्येक वर्षं गेली. या काळात पुण्यात आमचं काय अडलं? काहीच नाही. पुलावरून जाताना काच वर करायची.

आणि आता जे सांगतो ते सांगायला लाज वाटते. आमच्या सोसायटीला स्वतःचा सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लँट आहे. तो बराच वेळ बंद असतो. विजेचं बिल फार येतं म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या मीटिंगमध्ये तसं ठरलं. मी त्या मीटिंगला होतो. मेंटेनन्स थोडा कमी होणार म्हटल्यावर मीही हात वर केला होता. आत्याच्या नदीचा विचार तेव्हा डोक्यात आलासुद्धा नाही. त्या मीटिंगमध्ये वडगाव रासाईचं कुणी नव्हतं ना!

म्हणजे होतं. मी होतो की.

रविवारी निघताना आत्यानं नेहमीप्रमाणे पिशवी भरून दिली. मी म्हटलं, "आत्या, पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीची मीटिंग आहे. प्लँट चालू करा म्हणून सांगणार आहे."

ती म्हणाली, "सांग बाबा. ऐकत्यात का बघ."

ऐकतील असं वाटत नाही. एका सोसायटीच्या प्लँटनं भीमा स्वच्छ होणार नाही, हेही कळतं. पण या वेळी हात वर करताना तो कुणाच्या बाजूनं वर होतोय, एवढं तरी माहीत असेल. तुमच्या सोसायटीत प्लँट असेल, तर एकदा खाली जाऊन तो चालू आहे का ते बघून या. आणि काय दिसलं ते जरूर कळवा.