असेंबल्ड डेस्कटॉप

सुटे भाग घेऊन ग्राहकाच्या बजेटप्रमाणे दुकानात जोडलेला संगणक. या भागांची महाराष्ट्रातील सर्वांत नावाजलेली बाजारपेठ म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. नंदुरबार जिल्ह्याला मात्र उधना–जळगाव लोहमार्गामुळे सुरत जवळ पडते. २००१ मध्ये संगणक साक्षरतेचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला आणि संगणक वर्ग तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले.

प्रोसेसरचा भाव ग्राहकाला मोबाइलवर दिसतो, म्हणून त्यात दुकानदाराला फारसे सुटत नाही. नफा निघतो तो कॅबिनेट, कीबोर्ड, यूपीएस आणि दुरुस्तीतून. त्यात १८ टक्के जीएसटी धरला की १०,००० रुपयांचा भाग ११,८०० रुपयांना पडतो. मग काटकसर होते ती पॉवर सप्लायवर, आणि ती सर्वांत घातक. विजेचा दाब कमीजास्त होणाऱ्या गावात हलका सप्लाय जळताना मदरबोर्डही घेऊन जातो.

रॅमचे गणित बारीक आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधील ग्राफिक्स मुख्य मेमरीच वापरते. दोन पट्ट्या एकत्र चालल्या की मेमरीचा वेग वाढतो, म्हणून ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४ जीबीच्या दोन पट्ट्या खेळांत आणि व्हिडिओच्या कामात सरस ठरतात. पण मदरबोर्डवर दोनच स्लॉट असतील, तर पुढे रॅम वाढवताना जुन्या पट्ट्या काढाव्या लागतात. जुन्या यंत्रात हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे हा थोड्या पैशांत सर्वाधिक जाणवणारा बदल होय.