परस्परांचे वाचक : पुरव मार्ग आणि मराठी विज्ञानकथा

शीवहून निघून चुनाभट्टीवरून चेंबूर, देवनार ओलांडत तुर्भ्याकडे जाणाऱ्या रस्त्याचे नाव वि. ना. पुरव मार्ग. जुने लोक त्याला अजून शीव-तुर्भे रस्ताच म्हणतात. या रस्त्याच्या शीवकडील टोकाला मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे, तर दुसऱ्या टोकाला अणुशक्तीनगर आणि त्यापलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. आम्ही चेंबूरला मराठी शिकवणारी माणसे या रस्त्यावरून वर्षानुवर्षे ये-जा करतो. तरी मराठीतील एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराच्या इतिहासाचा मोठा भाग या काही मैलांशी जोडलेला आहे, ही गोष्ट आमच्या अभ्यासमंडळांच्या चर्चेत क्वचितच येते. तो प्रकार म्हणजे विज्ञानकथा.

विज्ञानकथेला पूर्वपरंपरा नव्हती असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्यूल व्हर्न मराठीत येऊ लागला होता. श्री. बा. रानडे यांच्या 'तारेचे हास्य' या कथेकडे इतिहासकार आवर्जून बोट दाखवतात. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरातला माणूस करून टाकले. पण ही सारी सुटी सुटी बेटे होती. एकाने लिहिलेले दुसऱ्याने लेखक म्हणून वाचावे, त्यातून काही घ्यावे, त्याला उत्तर द्यावे, असा व्यवहार त्यांच्यात दिसत नाही. आमच्या मते वाङ्मयप्रकार पहिल्या कथेने जन्मत नाही. दुसऱ्या लेखकाने पहिल्याची कथा 'आपल्यातली' म्हणून वाचली की तो जन्मतो.

ही घटना घडली ती परिषदेच्या कथास्पर्धेमुळे. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली आणि पुढे तिने विज्ञानरंजन कथांची स्पर्धा सुरू केली. 'रंजन' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. प्रबोधनासाठी जन्मलेल्या संस्थेने रंजनाला दारातून आत घेतले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

१९७४ साली या स्पर्धेकडे 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. या नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर उभे राहतात. अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणे व्याख्यान चालू असता त्यांनी कथा लिहायला घेतली. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून उतरवून घेतली आणि टोपणनावाने पाठवली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हा किस्सा पुष्कळदा गमतीने सांगितला जातो. आम्हाला मात्र त्यात गंमतीपेक्षा गांभीर्य अधिक दिसते. त्यावेळी नारळीकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि हॉइल-नारळीकर सिद्धान्तामुळे त्यांचे नाव घरोघरी पोचले होते. स्वतःच्या नावाने कथा पाठवली असती तर परीक्षकांनी शास्त्रज्ञाचा गौरव केला असता. त्यांना कथेचा निवाडा हवा होता. दाद मिळावी, पण ती लिहिलेल्या मजकुराला मिळावी, हा आग्रह या परंपरेच्या पायातच घातला गेला, ही भाग्याची गोष्ट होय.

मान्यतेची पुढची पायरी अनपेक्षित दिशेने आली. १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली. आणीबाणीमुळे ते संमेलन वेगळ्याच कारणासाठी इतिहासात गेले, आणि ते योग्यच आहे. तथापि लोकसाहित्याच्या, जातककथांच्या अभ्यासक असलेल्या दुर्गाबाईंना विज्ञानकथेचे अगत्य वाटावे, यात आम्हाला आश्चर्य वाटत नाही. कल्पित विश्वाला स्वतःचे नियम असतात आणि ते पाळले तरच ते उभे राहते, हे लोककथा वाचणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मुकुंदराव किर्लोस्करांनी नारळीकरांना 'किर्लोस्कर'साठी लिहिते केले, आणि पुढे 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला.

येथे जरा थांबून एका कथेविषयी बोलू. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत डाव्या-उजव्याची आरशासारखी अदलाबदल हा वैज्ञानिक गाभा आहे. मोबियस पट्टीचे गणित कोणत्याही भाषेत सांगता येईल. पण उजव्या सोंडेचा गणपती दुर्मिळ, तो कडक, त्याचे सोवळे सांभाळावे लागते, ही जाण मराठी घरात वाढलेल्या वाचकापाशी आधीच असते. मूर्तीची सोंड उजवीकडे वळलेली दिसताच त्याच्या मनात जे चमकते, ते भूमितीच्या आकृतीने चमकणार नाही. परके विश्व रचायचे तर वीट आपल्या अंगणातली लागते. विश्वरचनेविषयी वर्गात शिकवायची वेळ आली, तर आम्ही टोल्कीनच्या आधी ही कथा फळ्यावर मांडू.

टोल्कीनचे नाव निघालेच आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याआधी ऑक्सफर्डच्या मित्रमंडळींत त्याची प्रकरणे वाचली जात होती, आणि सी. एस. लुइसने धीर दिला नसता तर आपण ते पूर्ण केले नसते, असे टोल्कीनने मोकळेपणी मान्य केले आहे. कल्पित विश्व रचणाऱ्याला निर्मितीच्या काळात असा एक तरी वाचक लागतो, जो स्वतः तसलेच काही रचत असतो. वास्तववादी कथाकाराला आपले चाळीतले वर्णन पटते का, हे शेजाऱ्याला विचारता येते. तीनशे वर्षांनंतरच्या मुंबईविषयी कोणाला विचारायचे?

मराठीत हे काम ज्यांनी केले त्यांत बाळ फोंडके यांचे नाव आम्ही अग्रभागी ठेवू. ते मूळचे भाभा अणुसंशोधन केंद्रातले संशोधक, म्हणजे आमच्याच रस्त्याच्या टोकाचे. पुढे ते 'सायन्स टुडे'चे संपादक झाले आणि नंतर दिल्लीत वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रकाशन विभागाचे संचालक. स्वतः कथाकार असलेल्या या गृहस्थांनी १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह संपादित केला. त्यात नारळीकर, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, अरुण मांडे, शुभदा गोगटे हे मराठी लेखक तमिळच्या सुजातांसारख्या अन्य भाषांतील लेखकांच्या पंगतीला बसले. आपल्या बरोबरीच्या, एका अर्थी स्पर्धक असलेल्या लेखकांसाठी अनुवादाची आणि संपादनाची हमाली करणे ही दाद देण्याची सर्वांत कष्टाची रीत. प्रशस्तिपत्र एका सकाळी लिहून होते, संग्रह होत नाही.

त्या कष्टांचे चीज झाले. संग्रहातली लोंढ्यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही कथा पुढे जेम्स गन यांच्या 'द रोड टू सायन्स फिक्शन' या मालेच्या सहाव्या खंडात, १९९८ साली, जगभरच्या निवडक कथांमध्ये समाविष्ट झाली. मराठी विभागांच्या किती वर्गांत ही बातमी पोचली? लोंढ्यांविषयी आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. 'देवांसि जिवे मारिले' ही कादंबरी त्यांनी चिंतामणी देशमुख यांच्यासह लिहिली. दोघांनी मिळून एक कादंबरी लिहिणे आपल्या ललित साहित्यात विरळा. एकाने मांडलेला नियम दुसऱ्याने पाळायचा आणि दुसऱ्याने उघडलेल्या दारातून पहिल्याने जायचे, यासाठी आपले श्रेय सैल सोडावे लागते.

एवढे कौतुक केल्यावर एक तक्रारही मांडतो. या मंडळींनी परस्परांना जी दाद दिली, ती बहुतेक वेळा विज्ञानाच्या अचूकपणाला दिली. 'शास्त्र चुकलेले नाही' हा निकष पहिला आला आणि फार काळ पहिलाच राहिला. शास्त्रज्ञांच्या मेळ्यात ते स्वाभाविकही होते. मात्र भाषेचा पोत, पात्रांचे अंतरंग, निवेदनाची तऱ्हा यांविषयी बोलणारा वाचक त्यांना त्यांच्यात मिळाला नाही; तो आमच्यातून जायला हवा होता. जावडेकरांच्या 'वामनाचं चौथं पाऊल' या शीर्षकातच पुराणकथा आणि यंत्रयुग यांचा जो ताण आहे, त्यावर मराठीच्या प्राध्यापकाने लिहावे की अभियंत्याने?

त्याच निकषाची दुसरी बाजू नारायण धारपांच्या वाट्याला आली. विज्ञान, गूढ आणि भय यांच्या सीमेवर त्यांनी अनेक कल्पित विश्वे रचली. परक्या कथा आपल्याशा करतानाही ती सगळी या मातीत आणून रुजवली. भयाला विज्ञानकथेच्या उंबऱ्याबाहेर ठेवावे, हा नारळीकरांचा आग्रह तत्त्वतः समजण्यासारखा आहे, पण त्यामुळे धारप या प्रकाराच्या इतिहासात नेहमी ओसरीवरच बसलेले दिसतात. २००८ मध्ये ते गेले. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' आला. त्यामागे मित्राने ऐकवलेली धारपांची एक कथा होती, असे दिग्दर्शकाने सांगितले आहे. म्हणजे धारपांना सहनिर्मात्याची दाद मिळाली, पण ती दुसऱ्या माध्यमातून आणि एका पिढीच्या उशिराने.

कऱ्हाडनंतर ४६ वर्षांनी, २०२१ मध्ये, नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. प्रकृतीमुळे ते तेथे जाऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर आम्ही पदव्युत्तर वर्गात 'कृष्णविवर' वाचायला दिली, लेखकाचे नाव झाकून. कथेच्या वाक्यरचनेवर, तिच्या घाईवर विद्यार्थ्यांनी बरेच आक्षेप घेतले, काळ संथ होण्याच्या कल्पनेवर मात्र तास संपला तरी वाद चालू होता. ते सगळे आक्षेप आम्ही लिहून ठेवले आहेत, आणि पुढच्या सत्रात त्यांच्या शेजारी लोंढे आणि धारप यांची एकेक कथा, तशीच नाव झाकून, ठेवणार आहोत.