खरखरीआड दडलेला संकेत
रेडिओ संकेताची ऊर्जा अरुंद कंप्रता पट्ट्यात एकवटली, तर तो शत्रूला सहज सापडतो. तीच ऊर्जा रुंद पट्ट्यात पसरविली, की संकेत नैसर्गिक खरखरीआड दडतो. या पद्धतीस ‘स्प्रेड स्पेक्ट्रम’ असे म्हणतात.

अमेरिकेची ‘जीपीएस’ उपग्रह यंत्रणा हे तिचे ठळक उदाहरण होय. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येणारा संकेत जमिनीवर ग्राहक यंत्राच्या खरखरीहूनही क्षीण असतो. मूळ नागरी संकेत सेकंदाला अवघे ५० बिट माहिती वाहतो. मात्र प्रत्येक बिट कूटक्रमाच्या २०,४६० तुकड्यांवर पसरलेला असतो. ग्राहक यंत्र तोच कूटक्रम स्वतः निर्माण करून आलेल्या लहरींशी ताडून पाहते. क्रम जुळताच तुकड्यांची बेरीज होऊन संकेत वर येतो; खरखर मात्र परस्परांत बरीचशी विरते.

नागरी कूटक्रम सर्वांस खुला आहे, तर लष्करी क्रम गुप्त किल्लीने बंद केलेला असतो.

तथापि या पद्धतीलाही मर्यादा आहे. जवळच्या प्रबळ प्रक्षेपकाने तोच पट्टा व्यापल्यास क्षीण संकेत बुडतो. त्यामुळे विमाने व जहाजे यांना दिशादर्शनासाठी पर्यायी साधने बाळगावीच लागतात.