आजीची बोली आणि छापील गोष्ट

गोष्ट ही मुळांत ऐकावयाची वस्तु आहे. ती डोळ्यांनीं वाचावयाची वस्तु झाली त्याला फार काळ लोटलेला नाहीं. परंतु तोंडची गोष्ट कागदावर उतरवावयाची वेळ आली, म्हणजे एक अडचण उभी राहते. ती कोणाच्या भाषेंत लिहावी? सांगणाऱ्या आजीच्या, कीं शाळेंतल्या पंतोजींच्या? हा प्रश्न उत्तर जर्मनींत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं उभा राहिला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां त्या देशाच्या बालवाङ्मयाला निराळें वळण लागलें.

उत्तर जर्मनीच्या सखल, समुद्रकांठच्या प्रदेशांत जी बोली चालत आली, तिला तेथील लोक 'प्लाट' म्हणतात. ग्रंथांतील जर्मन भाषेहून ती पुष्कळच निराळी आहे. ग्रंथभाषेंत पाण्याला 'वासर' म्हणतात, प्लाटमध्यें 'वाटर'. ग्रंथभाषेंतील 'माखेन' म्हणजे करणें, तें प्लाटमध्यें 'माकेन' होतें. तिचे उच्चार ऐकले म्हणजे डच आणि इंग्रजी भाषांचीच आठवण होते. दक्षिणेकडील बव्हेरियाच्या माणसाला ती सहसा उमगत नाहीं.

या बोलीला एके काळीं मोठें वैभव होतें. हान्सा नांवाच्या व्यापारी नगरसंघाचे करारमदार तिच्यांत लिहिले जात. कोल्ह्याच्या लबाडीचें प्रसिद्ध काव्य लुबेक शहरीं १४९८ सालीं याच भाषेंत छापलें गेलें. पण १५३४ सालीं ल्यूथरचें संपूर्ण बायबल ग्रंथभाषेंत निघालें, नगरसंघाचें बळ ओसरलें, आणि हळूहळू देवळांत, कचेरींत व शाळेंत प्लाटला जागा उरली नाहीं. प्लाट बायबलाच्या त्या जुन्या परंपरेंतील शेवटचें पुस्तक १६२१ सालीं गोस्लार येथें छापलें गेलें. पुढें ही भाषा राहिली ती शेतांत, होडीवर आणि चुलीपाशीं. म्हणजे जेथें गोष्टी सांगितल्या जातात, नेमकी तेथेंच.

अशा वेळीं फिलिप ओटो रुंगे नांवाचा एक चित्रकार पुढें आला. त्याचा जन्म १७७७ सालचा, बाल्टिक समुद्राजवळच्या वोल्गास्ट गांवचा. १८०६ सालीं त्यानें आपल्या प्रांताच्या बोलींत दोन गोष्टी लिहून एका प्रकाशकाकडे धाडल्या. एक कोळी व त्याची बायको यांची, दुसरी जुनिपर वृक्षाची. पुढें चारच वर्षांनीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, तो क्षयानें वारला. त्याच्या दोन्ही गोष्टी मात्र ग्रिम बंधूंच्या हातीं पडल्या आणि १८१२ सालच्या त्यांच्या सुप्रसिद्ध कथासंग्रहाच्या पहिल्या भागांत बोलींतच छापल्या गेल्या.

कोळ्याची गोष्ट अनेकांस ठाऊक असेल. गरीब कोळ्याला जादूचा मासा सांपडतो. बायको प्रथम घर मागते, मग वाडा, मग राजपद, सम्राटपद, पोपची गादी, आणि शेवटीं प्रत्यक्ष देवासारखें होणें. दर वेळीं कोळी किनाऱ्यावर जातो, त्याच शब्दांनीं माशाला हांक मारतो, आणि दर वेळीं समुद्र अधिक गढूळ, अधिक काळा, अधिक खवळलेला दिसतो. ही गोष्ट मोठ्यानें वाचली म्हणजेच तिचा खरा रंग कळतो. हांक दुसऱ्यांदा आली कीं ऐकणाऱ्या मुलांच्या तोंडीं ती बसूं लागते. तिसऱ्यांदा वाचणाऱ्याच्या आधीं मुलेंच ती म्हणतात.

या गोष्टींतील एक लहानसा शब्द ध्यानांत घेण्याजोगा आहे. नवराबायको ज्या भिकार खोपटांत राहतात, त्याला मूळ बोलींत जो शब्द आहे, त्याचा अर्थ रात्रीचें मूत्रपात्र असा होतो. बोलींत तो ऐकतांच मुलें खदखदां हंसतात व कोणासच त्याचें वावगें वाटत नाहीं. सभ्य भाषेंत गोष्ट उतरवणाऱ्यांना मात्र तो अवघड वाटला. कोणीं त्या जागीं झोपडी घातली, तर कोणीं डुकरांचा खुराडा. शब्द सोवळा झाला, पण हंसूं गेलें. आणि शेवटीं त्याच जागीं परत येऊन पडण्याची जी नामुष्की, तीही फिकी पडली.

एक गोष्ट मात्र न्यायाच्या दृष्टीनें सांगितली पाहिजे. रुंगेच्या कथा कोणा म्हातारीच्या तोंडून जशाच्या तशा उतरविलेल्या नव्हत्या. त्यांत कलावंताचा हात होता. उलट, कासेलजवळच्या खेड्यांतील डोरोथेआ फीमान या बाईनें ग्रिम बंधूंना पुष्कळ कथा सांगितल्या. ती प्रथम मोकळेपणानें सांगे, मग लिहून घेतां यावें म्हणून सावकाश सांगे, आणि चूक झाली तर आपण होऊन दुरुस्त करी. तरीही तिच्या कथा मुख्यतः ग्रंथभाषेंतच छापल्या गेल्या. सर्व जर्मन घरांत पुस्तक वाचलें जावें हा हेतु. आणि तो चुकीचा होता असेंही म्हणतां येत नाहीं.

राहून गेलेलें काम पुढें एका शाळामास्तरानें हातीं घेतलें. विल्हेल्म विसर हा होल्स्टाइन प्रांतांत १८४३ सालीं जन्मला. साठीच्या उंबरठ्यावर आल्यावर तो गांवोगांव हिंडूं लागला व शेतमजूर, कारागीर, म्हाताऱ्याकोताऱ्या यांच्या तोंडच्या प्लाट कथा उतरवून घेऊं लागला. 'आजी काय सांगते' अशा अर्थाचें नांव देऊन त्यानें त्या मुलांसाठीं पुस्तकरूपानें काढल्या, आणि १९१४ सालीं त्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध झाला.

विसाव्या शतकांत मात्र उत्तर जर्मनींतील आईबापांनीं, शाळेंत मूल मागें पडेल या भीतीनें, घरांतही ग्रंथभाषाच धरली. १९९९ सालीं युरोपीय करारान्वयें प्लाटला प्रादेशिक भाषा म्हणून संरक्षण मिळालें. पण करार कांहीं पाळण्याशीं बसत नाहीं. आज तेथील पुष्कळ घरांत आजीलाच प्लाट अर्धीमुर्धी येते. अशा वेळीं ती रुंगेचें किंवा विसरचें पुस्तक उघडते, अडखळत वाचते, आणि दोन पानांनंतर तिच्या स्वतःच्या आजीचा सूर तिला सांपडतो. एके काळीं आवाजावरून पुस्तक झालें. आतां पुस्तकावरून आवाज परत मिळवावा लागत आहे. वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी ज्यांच्या घरीं अजून जिभेवर आहे, त्यांना ही खटपट अद्याप करावी लागत नाहीं. मूल झोपण्यापूर्वीं घटकाभर, शब्द सोवळे न करतां, आपल्या घरच्या सुरांत गोष्ट सांगितली कीं झालें.