विषुववृत्त दोनदा ओलांडणारा बर्फ

#इतिहास #धागा

१/१०
सप्टेंबर १८३३. ‘टस्कनी’ नावाचे अमेरिकी जहाज हुगळीतून कलकत्त्यास येऊन पोहोचले. १२ मे रोजी बोस्टन सोडताना त्याच्या पोटात १८० टन बर्फ होता. चार महिन्यांचा प्रवास आणि दोनदा विषुववृत्त ओलांडल्यानंतरही त्यातील सुमारे १०० टन शिल्लक राहिला. हे शक्य कसे झाले?

२/१०
या व्यापाराचा कर्ता बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर. १८०६ मध्ये त्याने मार्टिनिक बेटावर बर्फाची पहिली खेप नेली, तेव्हा बोस्टनकरांनी त्याची थट्टा केली. बर्फ पोहोचला, पण तो साठवण्यास तेथे जागाच नव्हती. व्यवहार तोट्यात गेला आणि पुढील काही वर्षांत कर्जापायी ट्यूडरला तुरुंगही पाहावा लागला.

३/१०
त्याच्या यशाचे श्रेय सहसा लाकडाच्या भुशास दिले जाते. भुशाच्या कणांमध्ये अडकलेली हवा उष्णतेस सहजासहजी वाट देत नाही, हे खरेच. परंतु भुसा उष्णतेचा वेग कमी करतो; तिला कायमची रोखू शकत नाही. चार महिन्यांत जहाजाच्या पोटात पुष्कळ उष्णता शिरली. मग ती गेली कुठे?

४/१०
याचे उत्तर सात दशके आधी ग्लासगो येथे सापडले होते. प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी काचेचे दोन सारखे गोल एका मोठ्या दालनात टांगले. एकात बर्फ, दुसऱ्यात तितकेच, गोठणबिंदूच्या जवळ आणलेले पाणी. अर्ध्या तासात पाण्याचे तापमान ३३ वरून ४० अंश फॅरनहाइटवर गेले. बर्फाच्या गोलास त्याच ४० अंशांपर्यंत येण्यास साडेदहा तास लागले.

५/१०
म्हणजे एकवीसपट काळ! दालन तेच, सभोवतालची हवाही तीच. बर्फ अखंड उष्णता घेत होता. मात्र वितळणे पूर्ण होईपर्यंत तापमापकास तिचा पत्ता लागत नव्हता. ही उष्णता अवस्था बदलण्यात खर्च होते, तापमान वाढवण्यात नव्हे. शालेय पुस्तकांतील ‘अप्रकट उष्मा’ तो हाच.

६/१०
आजच्या मापाने एक किलो बर्फ वितळवण्यास सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने एक किलो पाणी ० वरून जवळजवळ ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ‘टस्कनी’वर वितळलेल्या ८० टनांनी अशी प्रचंड उष्णता गिळली, म्हणून उरलेले १०० टन वाचले. जे वितळले, ते निव्वळ नुकसान नव्हते. ते उरलेल्या बर्फाचे मोल होते.

७/१०
ट्यूडरचे कौशल्य या नियमास साहाय्य करण्यात होते. नॅथॅनिएल वायथने घोड्याने ओढायचे बर्फ-कापणीचे अवजार बनवले. त्यामुळे गोठलेल्या तळ्यांतून एकसारख्या आकाराचे ठोकळे निघू लागले. ते एकमेकांना घट्ट भिडवून रचले की एकूण बर्फाच्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी राही. शिवाय भारताकडे येणाऱ्या अमेरिकी जहाजांत जागा मोकळी असे. त्यामुळे वाहतूक स्वस्त पडे.

८/१०
भारतास बर्फ नवा नव्हता. अलाहाबादकडे हिवाळ्याच्या रात्री पेंढा अंथरलेल्या खड्ड्यांत मातीच्या उथळ भांड्यांतून पाणी गोठवले जाई. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथे बाष्पीभवन आणि निरभ्र आकाशाकडे होणारे उष्णतेचे उत्सर्जन कामी येई. मुंबईच्या दमट, उबदार किनाऱ्यावर मात्र ही युक्ती चालणारी नव्हती.

९/१०
म्हणून १८३४ मध्ये मुंबईत अमेरिकी बर्फ आला, तेव्हा त्याचे अप्रूप मोठे होते. जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले. पुढे यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याची वार्ता ‘मुंबई समाचार’ने दिल्याचे सांगितले जाते. परंतु ही चैन मूठभरांची होती. त्या तळ्यांतला गारवा शहरातील सामान्य कष्टकऱ्याच्या ओठांपर्यंत क्वचितच पोहोचला असेल.

१०/१०
१८७० च्या दशकात बर्फ बनवणारी यंत्रे भारतात आली आणि तळ्यांतला बर्फ मागे पडला. अमोनियासारखा वायू दाबून द्रवरूप केला की तो उष्णता बाहेर टाकतो. त्याच द्रवाचे पुन्हा बाष्प होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि जवळचे पाणी गोठते. ज्या अप्रकट उष्म्याने ट्यूडरचा बर्फ तारला, त्याच अप्रकट उष्म्याने त्याचा व्यापार बुडवला. चेन्नईच्या किनाऱ्यावर ट्यूडरच्या बर्फासाठी उभारलेली इमारत आजही आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे राहिले, तेव्हा त्या वास्तूतला बर्फ केव्हाच इतिहासजमा झाला होता.